पै-पाहुण्यांचा पहिला आठवडा

सैन्यात होतो तोवर एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती, की फुकट काही मिळत नाही. रेशन मिळतं, बूट मिळतात, पण त्या बदल्यात अंधारात उठून पळावं लागतं. हवालदार म्हणून निवृत्त झालो, गावी येऊन पिठाची गिरणी टाकली आणि मग एके दिवशी मुलगी गिरणीत येऊन म्हणाली की फोनवर एक ॲप आलं आहे, त्यात भरतीच्या परीक्षेचा सगळा अभ्यास आहे आणि पहिले पंधरा दिवस ते फुकट आहे. मी पट्टा थांबवला, कानातला कापूस काढला आणि विचारलं, "का?"

"का म्हंजे? ट्रायल असती पप्पा."

"कुणाची? आपली का त्यांची?"

ती हसली. मी विनोद केलेला नव्हता. मला खरोखर कळलं नव्हतं, आणि आज तरी पूर्ण कळलं आहे असं छातीठोक सांगत नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात आहे, पण एवढं कडेला की लाईटबिल साताऱ्याचं आणि दवाखाना सांगलीचा. गावात घरटी एक माणूस फौजेत. पोरं बारावी झाली की रस्त्यावर पळायला लागतात आणि पोरीही आता मागे नाहीत. आमच्या मुलीला मात्र पळायचं नव्हतं. तिला टेबलखुर्चीची नोकरी हवी होती, सरकारी, आपल्याच जिल्ह्यात. कऱ्हाडला कॉलेज केलं, पदवी घेतली आणि परीक्षेला बसली. पहिल्या खेपेला ती यादीपासून बरीच लांब राहिली. किती लांब ते तिनं कुणाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. फक्त एवढं म्हणाली, की आणखी एकदा मनापासून करते, या वेळी नाही जमलं तर हा नाद सोडून देते. मला तिचं ते "सोडून देते" फार टोचलं. ती जिद्दीची पोर होती. निदान माझी तरी तशी समजूत होती.

तर ते ॲप. त्यात रोज एक पेपर सोडवायचा. पेपर सोडवला की लगेच मार्क आणि खाली शाबासकी. पहिल्या आठवड्याचे सात पेपर पुरे झाले की एक रंगीत प्रमाणपत्र येई, त्यावर फुलांची नक्षी आणि "उत्तम सुरुवात!" असं मोठ्या अक्षरात. पहिलं प्रमाणपत्र आलं तेव्हा मी ते गिरणीच्या दारावर लावणार होतो, हिच्या आईनं अडवलं.

काही दिवसांनी मुलगी म्हणाली, "ट्रायल संपली. आईचा नंबर घालू का?"

"म्हणजे काय होतं?"

"परत फुकट मिळतंय. नवा नंबर म्हंजे नवा माणूस."

मला वाटलं, ही काहीतरी लबाडी आहे. मी म्हणालो, पैसे भरून टाकू, एवढं काय त्यात. तर ती ठामपणे नको म्हणाली. "कशाला उगं पैसं घालवायचं? घरात एवढं नंबर हायती की." तिच्या आईला हे भलतंच आवडलं. पोरीला संसाराची जाण आहे, बापासारखी उधळी नाही, असं तिनं त्याच दिवशी दळणाला आलेल्या दोघी-तिघींना सांगितलं. मीही मनातून फुशारलो. बाजारात बैल घेताना आपण तो औताला जुंपून बघतोच की, पैसे मग देतो. ही पोर एकच बैल पुन्हा पुन्हा जुंपून बघते आहे आणि मालकाला पत्ता नाही, असं मला वाटलं आणि लय मजा वाटली.

आईचा नंबर झाला, मग माझा झाला. तिच्या दोन्ही चुलतभावांचे झाले. घरातले नंबर संपले तशी ती पाहुण्यांकडे वळली.

नंबर घालायचा तर त्या फोनवर ओटीपी येतो आणि तो लगोलग सांगावा लागतो. वडूजला माझा मेहुणा, म्हणजे तिचा मामा, किराणा दुकान चालवतो. त्यानं ओटीपी सांगायला साफ नकार दिला. बँकेच्या साहेबानं गावात सभा घेऊन बजावलं होतं म्हणे, देव जरी फोनवर आला तरी ओटीपी सांगायचा नाही. भाचीनं विनवण्या केल्या, बहिणीनं खडसावलं, मी फौजी खाक्यानं दोन शब्द सुनावले. गडी बधला नाही. आणि रविवारी सकाळी दुकान बंद ठेवून तो एसटीनं आमच्या दारात हजर. फोन भाचीच्या हातात देऊन म्हणाला, "सांगायचा न्हाई म्हणलाय सायब. दाखवायचा न्हाई असं कुटं म्हणलाय?" मग चहा पिऊन, भाकरी खाऊन, ओटीपी दाखवून दुपारच्या गाडीनं परत गेला.

फलटणला माझी धाकटी बहीण. तिचा प्रकार उलटा. तिला ओटीपी सांगायची एवढी घाई की चष्मा नसतानाच आकडे वाचायची. तीनदा चुकला. चौथ्यांदा मुलगी जवळजवळ रडकुंडीला येऊन ओरडली, "आवं आत्या, सावकाश वाचा की!" आणि एकदाचं जुळलं. बहीण शाळेत चौथीपर्यंत गेली, मग पाठच्या भावंडांना सांभाळायला घरी बसली. ॲपला नाव लागतं म्हणून मुलगी ज्याचा नंबर त्याचंच नाव टाकायची. त्यामुळं आठवड्यानं प्रमाणपत्र आलं ते बहिणीच्या नावानं, तिच्या फोनवर. बहिणीनं ते शेजारीपाजारी दाखवलं. मला फोन करून म्हणाली, "दादा, माज्या नावाफुडं चौऱ्याण्णव टक्कं लिवलंय रं." आता यात तिचं काही नाही हे तिला ठाऊक होतं. तरी आवाज असा की मी तिला शाबास म्हणून गेलो.

चौऱ्याण्णव. हा आकडा मी मुद्दाम सांगतो आहे. सुरुवातीला मुलीला बहात्तर-पंचाहत्तर पडायचे. आईच्या नावावर ऐंशीच्या पुढे गेले. मामाच्या नावावर नव्वद. मार्क असे चढत होते, मी ते गिरणीत येईल त्याला ऐकवत होतो आणि ऐकणारा म्हणायचा, मग झालंच समजा की हवालदार. मीही समजत होतो. मात्र घरात दुसरंच काही चाललं होतं आणि त्याची सांगड मला घालता येत नव्हती. मार्क चढतील तशी पोर गप्प होत चालली. ताटावर बसली की चतकोर भाकरी कुसकरत राहायची. मार्क विचारले की आकडा सांगायची, पण माझ्याकडे न बघता. हिची आई म्हणाली, "आवं, पोरीचं कायतरी बिनसलंय." मी म्हणालो, "नव्वद टक्के पडत्यात, बिनसंल कशाला?" बिनसलं असतं तर मार्क उतरले असते, असा माझा साधा हिशेब. परीक्षा महिनाभरावर आली होती.

आणि मग बहिणीचा फोन आला. मी गिरणीत होतो, काही ऐकू येईना, म्हणून बाहेर चिंचेखाली जाऊन उभा राहिलो.

"दादा, त्या ॲपवाल्या बाईचा फोन आल्ता मला."

"कशाला?"

"इचारत हुती, म्याडम, तुमचा पयला आठवडा लय भारी झाला, मग फुडं का आला न्हाईत? आठवा पेपर तसाच पडलाय, पेपर सोडवला तेवढाच दिस मोजत्यात, अजून आठ दिस फुकट शिल्लक हायत, काय अडचण हाय का म्हणून."

"मग तू काय बोललीस?"

"काय बोलनार? मी न्हवं, माजी भाची हाय म्हणलं तर पोरीला काय व्हईल का काय. म्हणलं, बाई, उसाला पानी द्यायची पाळी हुती, म्हणून ऱ्हायलं. तर ती म्हणली, म्याडम, सोडू नका, तुमी करू शकता." मग हळूच म्हणाली, "दादा, मला अशी लाज वाटली बघ. जनू मीच मधनं उठून आल्ये."

मी तिला म्हणालो, अगं, ट्रायल संपली होती. ती म्हणाली, न्हाई, आठ दिस शिल्लक हायत. मी म्हणालो, तुला नीट ऐकू आलं नसेल. ती म्हणाली, ओटीपी वाचताना मी आंधळी हुते, बहिरी कवा झाले? आणि फोन ठेवला.

मी तिथंच उभा राहिलो. दळणवाल्या बाया हाका मारत होत्या. पंधरा दिवस फुकट, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सात पेपरांनी प्रमाणपत्र येतं, हेही माहीत होतं. प्रमाणपत्र आलं की दोन-चार दिवसांत नवा नंबर, हे तर डोळ्यांदेखत चाललं होतं. या तिन्ही गोष्टी माझ्या डोक्यात तीन वेगळ्या खोल्यांत राहत होत्या आणि त्यांची कधी एकमेकींशी गाठच पडली नव्हती. मी वडूजला मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "मला तवाच आल्ता असला फोन. मी कट केला. सायब म्हणलाय, वळख न्हाई त्येच्याशी बोलायचं न्हाई."

मला राग यायला हवा होता. राग मला पटकन येतो, सगळ्या गावाला माहीत आहे. पण राग यायला आधी काय झालंय ते कळावं लागतं. चोरी म्हणावी तर कसली? फुकट होतं ते ही पोर अर्धंच घेत होती. अर्धं टाकून पुन्हा पहिल्यापासून फुकट मागत होती. पैसे वाचवायचे म्हणावं तर यात वाचत काहीच नव्हतं. पानात वाढलेलं अर्धं जेवून उठायचं आणि पुन्हा पंगतीत जाऊन बसायचं, याला काय म्हणतात? संध्याकाळपर्यंत मी दोन जणांचे गहू एकमेकांत मिसळून दळले आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या.

ती परीक्षा पुढे झाली, निकाल लागला आणि यादीत तिचं नाव नव्हतं, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. मला त्या निकालाचा दिवस धड आठवतही नाही. आठवते ती ही संध्याकाळ.

गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी आमच्याकडं रेंज येते. ती तिथं मांडी घालून बसली होती, फोन मांडीवर. मी तिच्या समोर बसलो. गुडघ्यांमुळं मला खाली बसायला वेळ लागतो, तेवढ्यात तिनं ओळखलं असावं की बाप काहीतरी बोलायला आला आहे.

"आत्याचं आठ दिस शिल्लक हायत म्हणं," मी म्हणालो.

ती फोनच्या कव्हराचा कोपरा नखानं उचकटत राहिली.

"मामाचंबी हुतं."

"सगळ्यांचंच हुतं," ती म्हणाली.

"मग मला ट्रायल संपली असं का सांगत हुतीस?"

तिनं फोन उलटा करून फरशीवर ठेवला. खाली रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून गेला.

"आठव्या दिवसापासनं पेपर बदलतोय पप्पा," ती म्हणाली. "खऱ्या परीक्षेसारखा येतो. माझ्या नंबरावर मी दिला हुता एकदा."

"किती पडलं?"

ते तिनं सांगितलं नाही. म्हणाली, "मला वाटलं पाया कच्चा ऱ्हायला, परत पहिल्यापासनं करू. म्हणून आईचा नंबर घातला. पहिल्या आठवड्यात तेच तेच प्रश्न येत्यात. मला पाठ झाल्यात आता. सगळं येतंय मला." मग म्हणाली, "पहिल्या आठवड्यात मी हुशार असते पप्पा."

मी फौजेत काही वर्षं ट्रेनिंग सेंटरला उस्ताद होतो, नव्या पोरांना कवायत शिकवायला. एखादा रंगरूट आजारी पडला किंवा मागे राहिला की त्याला मागच्या बॅचमध्ये पाठवतात, त्याला रिलेगेट म्हणतात. बहुतेक पोरं त्या शब्दाला मरणासारखी भितात. पण एक पोरगा होता. फायरिंगची परीक्षा जवळ आली की त्याचा पाय मुरगळायचा. डॉक्टरला पायात काही सापडायचं नाही. त्याला मागच्या बॅचला टाकलं की दुसऱ्या दिवशी पाय ठणठणीत आणि कवायतीत तो सगळ्यांच्या पुढे, कारण बाकीची पोरं काल आलेली आणि ह्यानं ते सगळं आधी केलेलं. नवे रंगरूट त्याच्याकडे तोंडात बोट घालून बघायचे. आम्हा उस्तादांत त्याच्यावर वाद व्हायचे, हा आळशी का लबाड म्हणून. तो आळशी नव्हता. आमच्या कुणाहीपेक्षा जास्त घाम गाळायचा. त्याचं काय करावं हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही आणि पुढे माझी बदली झाली.

तो पोरगा मला इतक्या वर्षांत एकदाही आठवला नव्हता. आता गच्चीवर, स्वतःच्या पोरीकडं बघताना आठवला. मामा दुकान बंद ठेवून एसटीनं आला, बहिणीनं चष्म्याविना आकडे वाचले, चुलतभावांनी नंबर दिले, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून काय केलं, तर या पोरीला दर खेपेला मागं नेऊन सोडलं. वर मी ते मार्क गावभर वाजवत होतो. ती माझ्याकडं न बघता आकडा का सांगायची ते मला त्या क्षणी कळलं, आणि कळून करायचं काय ते मात्र अजिबात कळलं नाही.

"आणि पप्पा," ती म्हणाली, "मी हुशारच नसले तर?"

बापानं इथं काय बोलायचं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. तू हुशारच आहेस बाळ, असं बोलायचं असतं. माझ्या ओठांवर ते आलंही होतं. पण ते तर ॲप रोज बोलत होतं. मीही रोज बोलत होतो. त्याच शब्दांनी तिचं हे झालं होतं. दुसरे शब्द शोधायला मी इकडंतिकडं बघितलं, टाकीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, आणि जे तोंडाला आलं ते बोलून गेलो.

"मग अभ्यास करावा लागंल."

तिनं माझ्याकडं बघितलं. आधी वाटलं, आता ही धाय मोकलून रडणार. पण ती हसली आणि हसता हसता रडायला लागली, दोन्ही एकदम. मला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, आणि ठेवला, पण तो हात मलाच परका वाटत होता. आमच्यात तसली सवय नाही.

थोड्या वेळानं तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि फोन सुलटा केला. ॲपमध्ये अजून आत्याचंच नाव होतं. आठवा पेपर तिथंच होता. तिनं दाबायच्या आधी बोट बराच वेळ वर धरलं होतं. मी म्हणालो, "मी खाली जाऊ का?" ती म्हणाली, "बसा."

म्हणून मी बसलो. प्रश्न कसले होते ते मला विचारू नका, मला एकाचाही अर्थ लागला नाही. पहिल्या प्रश्नाला ती अडली. दुसऱ्याला अडली. तिसरा सोडवला, चौथ्यावर पुन्हा अडली आणि मागं जाण्याच्या खुणेवर तिचं बोट गेलं, तिथं थांबलं, आणि परत पुढं आलं. मधेच हिच्या आईनं खालून जेवायला हाक मारली. आम्ही दोघांनीही ओ दिली नाही. मला एकदा वाटून गेलं की हे आता बंद करावं, कशाला पोरीचा छळ, परीक्षा तर पुढच्या महिन्यात होणारच आहे. पण ती वाकून बसली होती आणि पायाचा अंगठा फरशीवर दाबून धरला होता, लहानपणी अवघड गणित आलं की धरायची तसा.

पेपर संपला. गोल गोल फिरलं आणि आकडा आला. शंभरात एकतीस. खाली शाबासकी नव्हती, फुलंही नव्हती, नुसतं "पुढील पेपर" असं लिहिलं होतं.

तिनं फोन माझ्यापुढं धरला आणि या खेपेला सरळ माझ्याकडं बघितलं. इतके दिवस चौऱ्याण्णव ऐकून मी तोंड भरून हसत होतो, पण या एकतीसला काय तोंड करायचं ते मला समजेना.

"उद्या नववा," ती म्हणाली आणि जेवायला उठली.